शब्दचर्चा: बीव्हरचं कातडं सोलायचं की सोडवायचं?

ऑन्टॅरिओहून
नमस्कार मंडळी. मी कॅनडात, नॉर्थ बे जवळ राहतो. यंदा इथला ट्रॅपिंगचा, म्हणजे फरसाठी सापळे लावून प्राणी धरण्याचा, कोर्स पूर्ण केला (त्याशिवाय परवाना मिळत नाही) आणि शेजारच्या आजोबांबरोबर हिवाळाभर त्यांच्या ट्रॅपलाइनवर, म्हणजे सापळे लावायच्या वाटेवर, गेलो. ओळखीतल्या दोन मराठी तरुणांनाही हे शिकायचंय, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहितोय. कामं तीन. आधी कातडं काढायचं, मग आतल्या बाजूची चरबी आणि मांस काढायचं, मग फळीवर ताणून कोरडं करायचं. इथे स्किनिंग, फ्लेशिंग, ड्राइंग म्हणून मोकळे होतात. मी पहिल्या मसुद्यात सोलणे, तासणे, सुकवणे असं लिहिलं, पण तिन्ही शब्द खटकतायत. शब्द वाचून शिकणाऱ्याचा हात तसाच चालणार, म्हणून विचारतो. बीव्हरला मात्र बीव्हरच ठेवलंय. जुन्या भाषांतरांत पाणमांजर दिसतं, पण पाणमांजर म्हणजे ऑटर. बीव्हर कुरतडणाऱ्यांतला, झाडं पाडून बांध घालणारा.

पुण्याहून
सोलणे चुकीचं का वाटतं? बोकड सोलतात असंच म्हणतो आपण. कोशातही हाच अर्थ आहे.

एक मात्र पाळा. अंगावर असते ती कातडी, उतरवलं की कातडं, आणि कमावलं की चामडं. तुमच्या टिपणात शेवटपर्यंत कमावण्याचा संबंध येत नाही, तेव्हा चामडं शब्द कुठेच नको. केसांसकट कातड्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अजिन. मुंजीत बटूच्या गळ्यात बांधतात ते.

कोल्हापूरहून
ताई, अजिन बरोबर आहे, पण त्याला पूजेचा वास आहे. खिळे ठोकायच्या वस्तूला तो शब्द मला नाही रुचत. केसाळ कातडं म्हणा की सरळ.

आमच्या आज्ज्याचं कातडी कमवायचं काम होतं, त्यामुळं थोडं बोलतो. बोकडाला चीर दिली, आत मूठ घातली की मुठीच्या दाबानं कातडं सुटत जातं, सुरी नावाला लागते. वाटाणा सोलतो, संत्रं सोलतो, तसंच. आतलं आणि बाहेरचं एकमेकाला सोडायला तयार असतं, तिथं सोलणे. बीव्हरचं तसं आहे का, ते दादांनी सांगावं.

ऑन्टॅरिओहून
काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत! नाही सुटत. मस्करॅट (पाण्याकाठचा मोठ्या उंदरासारखा प्राणी) मुठीनं निघतो, बीव्हर नाही. खालच्या ओठापासून शेपटीच्या मुळापर्यंत पोटावरून एकच सरळ चीर देतात. पायांना चीर द्यायची नाही. लव संपते त्या रेषेवर पंजे कापायचे आणि पाय बाहीतून हात काढावा तसा आतून ओढून घ्यायचा. त्यामुळे कातड्यात चार गोल भोकं राहतात. इथवर सोपं. पुढे पोटापासून पाठीकडे जाताना इंच इंच सुरीच चालवावी लागते. डाव्या हातानं कातडं ताणून धरायचं, सुरीची धार किंचित मांसाकडे कललेली, आणि दोन्हींमधला पांढुरका पापुद्रा तेवढा कापत जायचा. कानांपाशी आणि डोळ्यांपाशी तर हाडाला टेकून. पहिल्या बीव्हरला मला जवळजवळ दोन तास लागले आणि तीन भोकं पडली, कारण डोक्यात सोलणे होतं आणि मी ओढत होतो.

म्हणून आता ‘सोडवणे’ लिहावंसं वाटतंय. पाकिटावरचं तिकीट सोडवतो तसं.

पुण्याहून
पटलं. सोलणे मागे घेते. आणि मिंक (मुंगसासारखा लहान प्राणी), ऑटर यांचं पोट न चिरता मोज्यासारखं उलटं काढतात ना? त्याला काय लिहिलंत?

ऑन्टॅरिओहून
‘बंद कातडं’ आणि बीव्हरचं ‘उघडं कातडं’.

कोल्हापूरहून
बंद कातड्याला आपल्याकडं वस्तूच आहे की. मसक. बकऱ्याचं कातडं अख्खं काढून पाण्याची पिशवी करायची, भिस्ती पाठीवर घेऊन फिरायचा ती. ‘मसकेसारखं काढणे’ म्हटलं की जुन्या माणसाला चित्र दिसतं. पोरांना एकदा समजावून सांगावं लागेल, पण सांगण्यासारखं आहे.

दुसरं, तासणे काढाच. तासताना मूळ वस्तूचा थर जातो. लाकूड तासतो, पेन्सिल तासतो. खरवडताना वर चिकटलेलं तेवढं जातं. दुधाच्या पातेल्याची खरवड काढतो तेव्हा पातेलं नाही झिजवत.

ऑन्टॅरिओहून
खरवडणे! हाच शब्द हवा होता. गोल पाठीचा लाकडी ओंडका कमरेएवढ्या उंचीवर तिरका लावतात, त्यावर कातडं केस खाली करून टाकायचं, पोटानं दाबून धरायचं आणि दोन मुठींचा सुरा दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा. चरबीचा पट्टा साय गोळा व्हावी तसा सुऱ्यापुढे गोळा होतो. पण खाली केसांत काडी किंवा वाळक्या शेणीसारखं चिखलाचं ढेकूळ अडकलं असेल तर तिथं उंचवटा येतो आणि सुरा आरपार जातो. म्हणून आधी धुऊन, विंचरून घ्यायचं. फार खोल गेलं तर केसांची मुळं उघडी पडतात. ते तासणंच झालं.

हातमोजे घाला हे मी ठळक लिहिलंय. बीव्हरपासून माणसाला टुलरेमिया या जंतुरोगाचा ताप येऊ शकतो, आणि सुरीनं बोट कापणं या कामात रोजचंच.

शेपटीजवळच्या दोन पिशव्यांचं काय करू? त्यांना सुरी लागू द्यायची नाही, अखंड काढून वाळवायच्या. सुगंधी द्रव्यांसाठी विकल्या जातात. इथे कॅस्टर म्हणतात. मराठीत कॅस्टर लिहिलं की लोकांना एरंडेल आठवेल.

पुण्याहून
कस्तुरी मात्र म्हणू नका, ती हरणाची. युनानी औषधांत याच पदार्थाला जुंदबेदस्तर म्हणतात, फारसीत बेदस्तर म्हणजे बीव्हर. बीव्हर आपल्याकडे नसला तरी त्याचा वास इथल्या दवाखान्यांपर्यंत पोचला होता. टिपणात ‘गंधपिशवी’ लिहा, कंसात जुंदबेदस्तर.

आता सुकवणे. पापड-कुरडयांचं वाळवण असतं, मासळी सुकवतात. दोन्हींत ऊन आहे.

ऑन्टॅरिओहून
आणि ऊन तर नकोच, शेकोटीही नको. मी स्वतः एक फळी स्टोव्हजवळ ठेवली होती. सकाळी कडा कडक होऊन वळल्या होत्या, उरलेली चरबी वितळून कातड्यात शिरली होती. आजोबांनी हात फिरवला आणि काही न बोलता फळी बाजूला ठेवली. असं कातडं पुढे कमावताना तुटतं.

कोल्हापूरहून
गंमत बघा, आमची हलगी आम्ही शेकून घेतो, म्हणजे ताण येतो. पण ते मढवलेलं कातडं, केस नसलेलं. तुमच्याकडं मीठ लावतात का? आमच्याकडं कच्च्या कातड्याला मीठ लागतंच.

ऑन्टॅरिओहून
लिलावाला जाणाऱ्या बीव्हरला नाही लावत, नुसत्या थंड वाऱ्यावर. प्लायवूडवर लंबगोल रेषा आखलेल्या असतात, एकात एक. केस खाली, आतली बाजू वर. आधी नाक आणि शेपूट, मग दोन बाजू, मग साधारण इंच-इंचावर खिळे. पायांची भोकं मिटवून टाकायची. शेवटी सगळं कातडं खिळ्यांवरूनच वर उचलायचं, म्हणजे केसांखालून वारा खेळतो. पूर्वीचे आदिवासी लोक फळीऐवजी विलोच्या फांदीचं कडं वाकवून त्यात दोरीनं ताणत. काका, हलगीचं कडं डोळ्यांसमोर आणा.

म्हणून मी ‘सावलीत वाळवणे’ लिहितो, वैद्य पाल्याबद्दल लिहितात तसं. फार ताणायचं नाही, लव विरळ दिसते. लांबी आणि रुंदी यांची बेरीज ६५ इंचांवर गेली की त्या कातड्याला इथे ब्लँकेट म्हणतात.

कोल्हापूरहून
घोंगडं म्हणा.

पुण्याहून
घोंगडं लोकरीचं, विणलेलं. इथे व्यापारातलं नाव आहे, ब्लँकेटच राहू द्या.

ऑन्टॅरिओहून
ताईंचं ऐकतो. शेवटची एक जोडी. फरचा व्यापार करणारी इंग्रजांची हडसन्स बे कंपनी १६७० मध्ये निघाली, त्या काळी फ्रेंच व्यापारी दोन प्रकार मानत: तेलकट बीव्हर आणि कोरडा बीव्हर. तेलकट म्हणजे इथल्या आदिवासी लोकांनी केस आत करून अंगावर पांघरलेला. अंगाच्या घामा-तेलानं आणि घासण्यानं वरचे राठ केस झडून खालची लव तेवढी उरायची, आणि युरोपातल्या टोपीवाल्यांना नमद्यासाठी (न विणता केस दाबून केलेल्या जाड कापडासाठी) तीच हवी असे. कोरडा म्हणजे काढला, वाळवला आणि तसाच विकला. वापरलेल्याला भाव जास्त! पण मराठीत ‘तेलकट’ लिहिलं तर नीट न खरवडलेलं असं वाटेल, आणि ‘कोरडं’ तर सगळीच असतात.

कोल्हापूरहून
पांघरून पांघरून झालेलं ते मुरलेलं. न वापरलेलं ते कोरं. मुरलेलं बीव्हर आणि कोरं बीव्हर.

ऑन्टॅरिओहून
काका, दोन्ही शब्द जसेच्या तसे उचलले.