चिऊताईला पहिल्याच टकटकीला दार उघडायला लावू नका

खडूसकाका
परवा इथेच मनीमाऊ यांनी 'संस्कारक्षम चिऊ-काऊ' टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी: पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊताई पहिल्याच टकटकीला 'ये ना काऊदादा' म्हणून दार उघडते. टॉवेल देते. टोमॅटो सूप देते. काऊ 'थँक्यू' म्हणतो, चिऊ 'वेलकम' म्हणते. शेवटी पोरांना तीन प्रश्न: चिऊ कशी वागली, काऊ काय म्हणाला, यातून तू काय शिकलास. खाली बदामांचा पाऊस.

तिथेच लिहिणार होतो, पण प्रतिसाद लांबला.

या गोष्टीत मुळात आहे काय? एक बंद दार. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.' 'थांब, बाळाला तीट लावते.' हे जितकं लांबवाल तितकं ऐकणारं पोर कासावीस होतं. माझी नात तीन वर्षांची. तिसऱ्या 'थांब'ला माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, 'आजोबा, तिला सांगा ना, तो भिजतोय!' दया दया म्हणतात ती हीच की. चिऊने लगेच दार उघडलं तर सगळी दया चिऊकडे गेली. पोराच्या वाट्याला काय उरलं? सूप.

आणि आपल्या जुन्या गोष्टी कुठे शिष्टाचार शिकवतात? भोपळ्यातली म्हातारी वाघाला चक्क थाप मारते. लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. येताना भोपळ्यात दडून येते. तिला खरं बोलायला लावलंत तर गोष्ट जाताना जंगलातच संपेल. पंचतंत्र घ्या. राजाच्या ढ पोरांना सहा महिन्यांत शहाणं करायला विष्णुशर्म्याने ते सांगितलं, असं त्याच्याच सुरुवातीला आहे. पहिल्याच तंत्रात दमनक कोल्हा सिंह आणि बैलाच्या मैत्रीत बिब्बा घालतो, बैल मरतो आणि दमनक मंत्री होऊन बसतो. याच्याखाली विचारा बघू 'तू काय शिकलास'.

मनीमाऊ
काका, माझ्या धाग्यावर न बोलता वेगळा धागा काढून माझी टिंगल करायची, हा कुठला संस्कार?

तुमच्या नातीला दया आली, छान. माझा मुलगा पाच वर्षांचा. एकुलता एक, फ्लॅटमध्ये वाढतोय, समोरच्यांचं दार कायम बंद. मूळ गोष्ट ऐकून त्याने पाळणाघरात एका मुलीला बाथरूमच्या बाहेर उभं केलं आणि आतून 'थांब, माझ्या बाळाला पावडर लावते' सुरू. ती रडायला लागली तरी याचं चालूच. पाळणाघराच्या मावशींनी मला बोलावून घेतलं. सगळीच पोरं काऊच्या बाजूने ऐकत नाहीत. काहींना चिऊ व्हायला मजा येते.

आणि जुन्या गोष्टींचं म्हणाल, तर मराठीत मुलांसाठी पुस्तकं छापायला लागले तेव्हा सुरुवात बोधकथांनीच झाली. बापू छत्र्यांची इसापनीती १८२८ सालची आहे. तुमच्या दमनकाचं पण ऐका. पंचतंत्राचं आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं, तेव्हा इब्न अल-मुकफ्फाने दमनकावर खटला चालवणारं आख्खं प्रकरण मागे जोडलं आणि त्याला शिक्षा करवली. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही तो शेवट पचला नव्हता. मी तर नुसतं सूप दिलंय.

खडूसकाका
मुकफ्फाचं मान्य. पण त्याने आधी बैल मरू दिला.

तर्कट
अनुभवांच्या जुगलबंदीत जरा विदा (डेटा) टाकतो. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना दुसऱ्याला देण्याची गोष्ट वाचून दाखवली. काहींना माणसांची, काहींना तीच प्राण्यांची. माणसांची ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. म्हणजे चिऊ दार उघडो की न उघडो, फरक शून्य. २०१४ चा आणखी एक प्रयोग आहे. 'लांडगा आला रे' किंवा पिनोकिओ ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. लहानग्या वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं, ती गोष्ट ऐकून झालं. तिच्यात खरं बोलल्याबद्दल शाबासकी मिळते, म्हणून.

खडूसकाका
ती चेरीच्या झाडाची गोष्ट वॉशिंग्टनच्या चरित्रकाराने पदरची घातलेली आहे. खरेपणा शिकवायला थाप लागली. माझं काम सोपं केल्याबद्दल आभार.

सुलूआजी
स्टिकर वाटले म्हणजे दया आली होय? आमच्या नणंदेचा मुलगा सगळ्यांना गोळ्या वाटत फिरायचा. मोठा झाल्यावर भावाच्या हिश्शाची जमीन खाल्ली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. चिऊ-काऊ सांगताना मी दाराशीच थांबायचे आणि पुढचं पोरांना विचारायचे. कुणाची चिऊ दार उघडायची. कुणाचा काऊ तापल्या तव्यावर बसून भाजून निघायचा, आणि आख्खा वर्ग खिदळायचा. एका पोराने सांगितलं, काऊने मोठं घर बांधलं आणि चिऊच्या पिलांना बारशाला बोलावलं, चिऊला नाही. विक्रमाचा वेताळ बघा, प्रश्न विचारतो तो असा की शेवटच्याला राजासुद्धा गप्प. 'काय शिकलास' याला पोरं काय, ठरलेलं उत्तर फेकतात आणि खेळायला पळतात.

पण आता शिकवणं सोडा, स्वतःच्या नातवाला गोष्ट सांगायची तर सुनेची परवानगी काढावी लागते. व्हिडिओ कॉलवर मागून आवाज येतो, 'आई, ते भाजण्याचं नको हं, तो घाबरतो.' तोच नातू टॅबवर धडाधड गोळ्या झाडत असतो.

नेहा_डलास
सुलूआजी, तुमची सून मी नाही, पण तिच्या वतीने लिहिते. आमच्याकडे बागुलबुवा झाला, राक्षस झाला, मग सासूबाई निवांत झोपल्या. रात्री दोन वाजता पलंगाखाली टॉर्च मारून राक्षस नाही हे सिद्ध कोण करतं? मी.

वऱ्हाडी_मिरची
चिऊ सूप देते की चहा, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला या गोष्टीतलं वेगळंच टोचतं. काऊचं घर शेणाचं, म्हणून वाहून गेलं. चिऊचं मेणाचं, म्हणून टिकलं.

आमचं घर मातीचं, शेणाने सारवलेलं. चौथीत शहरातल्या शाळेत घातलं मला. बाईंनी एकदा सगळ्यांना घराबद्दल विचारलं तेव्हा मी कौतुकाने सांगितलं होतं, आई दर आठवड्याला सारवते म्हणून. पुढे बाईंनी ही गोष्ट घेतली आणि 'काऊचं घर होतं शेणाचं' म्हटल्याबरोबर सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहायला लागला. बाईपण हसल्या. तेव्हापासून दहावीपर्यंत मी काऊ. कोणाले काही दया-बिया आली नाही. आणि मेणाच्या घराचं एवढं कौतुक आहे तर मे महिन्यात अकोल्याले ४५ अंशात बांधून दाखवा.

कोथरूडकर
अहो, गोष्ट आहे ती! शेण-मेण हे यमकासाठी आहे, समाजशास्त्रासाठी नाही. आता चिऊ-काऊमध्येही जात शोधायची का?

वऱ्हाडी_मिरची
माझा प्रतिसाद परत वाचा. जात मी काढली नव्हती. तुम्ही काढली.

कोथरूडकर
वर्ग म्हणा, जात म्हणा, सूर तोच. आम्हीपण चाळीत वाढलो. कॉमन संडास, नळावर रांगा. आम्ही नाही कधी गोष्टींवर रडलो.

वऱ्हाडी_मिरची
चाळीवरून तुम्हाले वर्गात कोणी हसलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.

पक्षीवेडा
मूळ मुद्दा कोणता ते आता विसरलो, पण शेण आणि मेण दोन्ही चूक. कावळा काटक्यांचं घरटं करतो, शहरात तारांचे तुकडेही वापरतो. चिमणी भिंतीतल्या भोकात, वळचणीला गवत-कापूस कोंबते आणि जागेवरून दुसऱ्या पक्ष्यांशी मारामारी करते. उलट कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि ती पिल्लं कावळाच भरवतो. दयाळूपणाच शिकवायचा तर काऊकडून शिकवा.

नेहा_डलास
त्याला फसवतात हो. ती दया नाही, त्याला अंड्यांतला फरक कळत नाही.

पक्षीवेडा
पिल्लाने चोच उघडली की तो भरवतो. आपण तेवढंही करत नाही.

कोथरूडकर
@वऱ्हाडी, नाही. हसलं नव्हतं कुणी. वर्गात सगळे चाळीतलेच होते. झालं समाधान?

वऱ्हाडी_मिरची
झालं.

मनीमाऊ
शेणाचं मला पटलं. खरंच कधी त्या बाजूने विचार केला नव्हता. पुढच्या आवृत्तीत काऊचं घर वाळूचं करते.

खडूसकाका
वा! आता तहसीलदारांचा प्रतिसाद येईल, वाळू कुठून उपसली म्हणून.

वऱ्हाडी_मिरची
ताई, गोष्टीले हात नका लावू. शेणाचंच राहू द्या. ती बाई हसली नसती तर पोरंही गप बसली असती. सूप पाजायचं असंल तर तिले पाजा.

सुलूआजी
आमच्यात अशा बाई होत्या. बदली झाली की रडणारी पोरं ज्यांच्यासाठी नसतात, त्या.

तर्कट
म्हणजे गोष्टीपेक्षा सांगणारा महत्त्वाचा, असा सूर दिसतोय. याला पुरावा?

खडूसकाका
तर्कटराव, तुम्ही स्टिकर वाटा.

कोथरूडकर
@वऱ्हाडी, विषय निघालाच आहे तर विचारतो. मुळशीला छोटंसं घर बांधलंय, पडवी सारवलेली ठेवलीय. महिन्याभरात पोपडे निघतात. शेणात माती किती घालायची?

वऱ्हाडी_मिरची
फार्महाऊस म्हणा ना. पोपडे निघतात म्हणजे खालची जमीनच बसली नाही. आधी पाणी मारून धुम्मसने नीट चोपून घ्या, मग सारवा. शेण ताजं पाहिजे, आणि एकदम जाड थर देऊ नका, पातळ हात फिरवा, वाळला की दुसरा. मातीचं प्रमाण तुमच्याकडची माती पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फोटो टाका.