वुड स्टोव्हखालच्या चौथऱ्यासाठी कोणते बोर्ड घ्यावेत? मदत हवी आहे

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या जुन्या लाकडी घरात थंडी सुरू होण्याआधी वुड स्टोव्ह (लाकूड जाळून घर तापवणारी बंद शेगडी) बसवायचा आहे. जमीन ओकच्या फळ्यांची असल्यामुळे स्टोव्हखाली चौथरा करावा लागेल, आणि त्या चौथऱ्याचे आर-मूल्य (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) किमान १.२ असावे, असे स्टोव्हच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. काही स्टोव्हना केवळ उडणाऱ्या निखाऱ्यांपासून संरक्षण पुरते, तिथे साधा पत्राही चालतो. आमचा बुटक्या पायांचा असून त्याचा तळ चांगलाच तापतो.

फरश्यांच्या दुकानात "सिमेंट बोर्ड टाका, तो जळत नाही" एवढेच उत्तर मिळाले. पण बोर्ड स्वतः न जळताही उष्णता खाली पोचवत राहिला, तर वर्षानुवर्षे तापणारे लाकूड हळूहळू कोळपते आणि पुढे एरवीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. अर्धा इंची सिमेंट बोर्डाचे आर-मूल्य एका माहितीपत्रकात ०.२६, तर दुसऱ्यात ०.३९ आहे. पहिल्याचे पाच थर रचले, तर अडीच इंचांच्या त्या पायरीला घरातला प्रत्येक जण ठेचकाळणार.

म्हणून खाली उष्णतारोधक कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, त्यावर ०.३९ वाला सिमेंट बोर्ड आणि वर स्लेटची फरशी, अशी रचना मनात आहे. कॅल्शियम सिलिकेटची उष्णतावाहकता २०० अंश सेल्सिअसला ०.०९ वॉट प्रति मीटर-केल्विन दिली आहे, ०.१४४ ला (अमेरिकन एककांतल्या आर-मूल्यात रूपांतर करणारा आकडा) तिने भागल्यावर इंचामागे १.६, म्हणजे अर्ध्या इंचाला ०.८ येते. बेरीज होते १.१९. स्लेट धरून १.२ कसेबसे गाठता येईल, पण इथे काठावर पास होण्यात अर्थ नाही, त्यामुळे कॅल्शियम सिलिकेटचा पाऊण इंची बोर्ड घेऊन १.५९ पर्यंत जावे, असे वाटते.

जाणकारांना विचारायचे ते असे. तापमान वाढते तशी या बोर्डाची वाहकताही वाढते. चौथऱ्याच्या हिशेबाला २०० अंशांचा आकडा धरणे योग्य आहे का? स्टोव्हचे सुमारे २०० किलो वजन चार लहान पायांवर येणार आहे, तेव्हा तुलनेने मऊ असलेला हा बोर्ड पायांखाली दबून फरशीचे सांधे तडकतील का, की अर्धा इंची सिमेंट बोर्ड तो भार पसरवायला पुरेसा आहे? आणि दोन्ही बोर्डांतून आरपार स्क्रू मारले, तर त्यांतून उष्णता थेट फळ्यांपर्यंत जाईल, ही माझी शंका रास्त आहे की अवाजवी?

जिप्सम बोर्ड कृपया सुचवू नये. सततच्या उष्णतेने त्यातले स्फटिकजल निघून जाते आणि तो भुसभुशीत होतो. असा चौथरा कोणी स्वतः केला असेल, तर थरांचा क्रम आणि जाडी अवश्य कळवावी.