मदत हवी आहे: पोर्टेबल बूथमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय

घरी व्हॉइसओव्हर करायला माइकभोवती ठेवायचा फोमचा घडीचा बूथ घेतलाय. माइक आत ठेवला की खोलीचा घुमारा कमी होतो, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. खालच्या पट्टीत बोललं की तर जास्तच. ३०० हर्ट्‌झच्या आसपास ईक्यूने (आवाजातल्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) कापलं तर आवाजातला जीवच जातो.

माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून येणारा आवाज जास्त पकडणारा. त्यामुळे माझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो थेट पकडणार, आणि फोम मात्र माइकच्या मागे! मग पाठीशी जाड रजई टांगणं जास्त उपयोगाचं का? माइक बूथच्या तोंडाशी ओढून कोणी वापरतं का? पातळ फोमऐवजी रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लावून फरक पडला का?

मोठं ऑडिओबुक वाचायचंय, सगळ्या प्रकरणांत आवाज सारखा राहायला हवा. ज्यांनी वापरलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.