मदत हवी आहे: चाहत्यांनी केलेल्या गेमला ज्ञानकोशात पान द्यावं का?

मंडळी, जरा अडलंय. मराठी ज्ञानकोशासाठी ‘ओपनटीटीडी’वर लेख लिहायला घेतलाय. क्रिस सॉयरचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ हा वाहतूक कंपनी चालवायचा संगणक गेम १९९५ सालचा. ओपनटीटीडी हा त्याचा चाहत्यांनी केलेला क्लोन, म्हणजे तोच गेम नव्याने लिहिलेला, २००४पासून चालू आहे. आधी मूळ गेमच्या चित्रांच्या फायली असल्याशिवाय तो चालतच नसे. पुढे लोकांनी चित्रं, आवाज सगळंच नव्याने करून टाकलं.

मसुद्यावर एका सहसंपादकांचा शेरा: “नक्कल आहे. मूळ लेखात दोन ओळी पुरेत.” राग आला, पण अगदीच चूक आहे असंही म्हणवेना. उद्या कुणी सुट्टीत बसून मारिओची कॉपी केली, तर तिलाही पान द्यायचं?

माझ्या मते, पान द्यायचं तर गेमशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्यावर बाहेरून सविस्तर लिहिलेलं हवं. ‘एएमटूआर’ बघा. निन्टेंडो कंपनीच्या ‘मेट्रॉइड २’ या जुन्या गेमची ही चाहत्याने केलेली नवी आवृत्ती ऑगस्ट २०१६मध्ये आली आणि निन्टेंडोच्या कायदेशीर नोटिसांमुळे लगेच इंटरनेटवरून काढून टाकावी लागली. त्या भानगडीवरच इतकं छापून आलं की पान आरामात उभं राहतं.

ओपनटीटीडीचं मात्र मला सापडतंय ते बहुतेक त्यांच्याच संकेतस्थळावरचं. ते कसं चालणार?

कुणाकडे संगणक मासिकांचे जुने अंक आहेत का, ज्यात याचं परीक्षण असेल? इंग्रजी, जर्मन काहीही चालेल. आणि ‘क्लोन’ला मराठीत काय म्हणू? ‘नक्कल’ म्हटलं की तिथेच निकाल लागतो, ‘प्रतिकृती’ म्हटलं की शोकेसमधलं जहाज आठवतं.