टायर आत्ता बदलू की पावसाळा काढून मग?

कोलशेतकर:
मंडळी, एक सल्ला हवाय. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, 2019 ची, टायर कंपनीतून आलेलेच, साइज 165/80 आर14. रोज घोडबंदर रोडवरून ऐरोलीला ऑफिस, आणि गणपतीला गावाला कोकणात. नक्षी दिसतेय अजून, पूर्ण गोटा झालेले नाहीत, टायरवाल्याने गेज लावून नक्षीची खोली पुढे अडीच आणि मागे साडेतीन एमएम सांगितली. सासरे म्हणतात आत्ता मे मध्ये नवीन टाकलेस तर दोन महिन्यांत खड्ड्यात फुकट जातील, दसऱ्याला टाक. बायको म्हणते आत्ताच टाक. घरात शांतता हवीय, काय करू?

वाशीचा_पक्या:
सासऱ्यांचं लॉजिक आपल्याकडे सगळेच लावतात पण उलटं आहे ते. खड्ड्याने टायर जातो तो साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, मार बसून फुगा येतो म्हणून, आणि तो जुन्या टायरलाही येतोच की. कायद्याने कारला 1.6 एमएम चालतं, खाचेत मध्ये मध्ये रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात बघ, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की संपलं. पण ते कोरड्या रस्त्याला ठीक. पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचं, त्या उथळ झाल्या की पाम बीच रोडवर ऐंशीने जाताना साचलेल्या पाण्यावर गाडी अक्षरशः तरंगते, स्टीअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक मारून काही होत नाही. अडीचवर पावसाळा काढू नकोस.

ऐरोलीची_मामी:
एमएम सगळे बघतात, वय कोणी बघत नाही. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. समजा 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीच्या हिशोबाने रबर म्हातारं झालेलंच आहे, नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात का बघा. कधी कधी दोनच टायरवर असे आकडे असतात, उरलेल्यांचे आतल्या बाजूला, तेव्हा गाडी उचलल्यावर बघून घ्या. आणि हो, नवीन घेतानाही बघा, सेलमधला माल दुकानात पडून असलेला निघतो.

नौपाडा_ते_म्युनिक:
इकडे हाच वाद ऑक्टोबरमध्ये चालतो, बर्फ पडल्यावर विंटर टायर टाकू म्हणणारे पहिल्या बर्फाच्या सकाळी गॅरेजबाहेर रांगेत असतात आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. जर्मनीत ठरलेली तारीख नाही, रस्त्यावर बर्फ असेल तर टायर विंटरचे पाहिजेत एवढंच, म्हणून लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ढोबळ हिशोब धरतात. सात डिग्रीखाली साधं रबर कडक होतं हे त्याचं कारण. ठाण्यात कोणी विंटर टायर भारी म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते रबर मऊ असतं, मे च्या उन्हात भराभर झिजेल. पण तुमचा पाऊस म्हणजे आमचा बर्फ समजा, आधीच टाका. 2025 ला तर मान्सून 26 मे लाच मुंबईत आला होता, नेहमीच्या 11 जूनची वाट बघणारे बसले भिजत.

वाशीचा_पक्या:
+1. आणि बजेट नसेल म्हणून दोनच घेणार असशील तर नवीन मागे टाक. दुकानदार म्हणेल फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, पुढे टाका. ऐकू नकोस. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, स्पीड कमी केला की परत पकडते. मागची घसरली की गाडी गोल फिरते, घोडबंदर रोडच्या गायमुखच्या वळणावर तुला तेवढा वेळच मिळणार नाही. आणि पावसात ग्रिप मिळावी म्हणून हवा कमी ठेवायचं फॅड आहे ते अजिबात करू नकोस, कमी हवेने गाडी अजून लवकर तरंगते. दरवाज्याच्या फ्रेमवरच्या स्टिकरवर आहे तेवढीच ठेव.

कोलशेतकर:
थँक्यू सगळ्यांना. खाली पार्किंगला जाऊन बघून आलो, आकडे 1119 आहेत आणि मामी म्हणतात तशा भेगा मागच्या दोन्हींवर आहेत. चारही टाकतोय मग. स्टेपनी तशीच ठेवू का? ती एकदाही लागलेली नाही.

ऐरोलीची_मामी:
वय तिचंही तेवढंच. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवायच्या भानगडीत पडू नका, पाचवाही घ्या, जुन्या पाचांचे पैसे बिलातून कापून घ्या आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग त्यातच मागा. शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता गाठा, अकरानंतर मे महिन्यात गावाला निघालेल्यांची गर्दी असते.