मदत हवी आहे: एक सेकंदाच्या वेगावर शटरची घरघर मध्येच अडखळते
माझ्याकडे आडव्या सरकणाऱ्या कापडी पडद्यांचे शटर असलेला, पूर्णतः यांत्रिक असा ३५ मिमीचा जुना फिल्म कॅमेरा आहे. १/६० आणि त्याहून जलद वेगांवर त्याचा ‘खट्’ आवाज स्वच्छ येतो. परंतु १ सेकंदावर पहिला पडदा उघडल्यानंतर, दुसऱ्या पडद्याला रोखून धरणाऱ्या दातेरी चाकांची जी एकसुरी घरघर ऐकू यायला हवी, ती मध्यावर मंदावते, क्षणभर थांबते आणि मग कशीबशी पुरी होते. मोबाइलवर आवाज मुद्रित करून आलेखातील दोन ठोक्यांमधले अंतर मोजले, तेव्हा ते पहिल्या खेपेस १.९ सेकंद भरले, म्हणजे जवळपास एक स्टॉप जास्त, सुमारे दुप्पट उजेड. लागोपाठ दहा-बारा वेळा शटर दाबल्यावर मात्र ते १.२ वर आले. त्यामुळे स्प्रिंग थकलेली नसून वंगण घट्ट झाले असावे, असा माझा कयास आहे (चुकत असल्यास जरूर सांगावे).

लायटरच्या इंधनाचा एखादा थेंब त्या चाकांवर सोडावा, असा सल्ला मिळाला. पण विरघळलेले वंगण पडद्यांवर पसरण्याची धास्ती वाटते. चाके न उतरवता ती सुरक्षितपणे धुता येतात का, आणि नंतर तेल नेमके कोठे व किती द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.