ताल-गेमचा लेव्हल एडिटर: आधी काय दुरुस्त करू? (बजेट ३०००)

शिवडी_बीट: मंडळी, गोदो या गेम इंजिनमध्ये ढोल-ताशाचा रिदम गेम करतोय, एकटाच. खेळ बरा चालतो, लेव्हल बनवायच्या एडिटरने मात्र जीव काढलाय. गाण्याच्या सुरुवातीला नोट (वाजवायच्या ठोक्याची खूण) ठोक्याच्या रेघेवर बसते, शेवटाला ताशा एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. झूम केलं की हातातली जागा पळते. अनडू (केलेलं मागे घेणं) नाही. लेव्हल्स मामेभाऊ बनवतो, तो पथकात ताशा वाजवतो. खर्च ३०००च्या आत. आधी कशाला हात घालू?

लॅमिंग्टनवाला: लॅमिंग्टन रोडला जाऊन ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) घे. मी साडेअकरा हजारांचा घेतला, दोन वर्षांत आवाजाला उशीर म्हणून नाही. स्वस्तात जाऊ नकोस.

कळवा_स्लो: ब्लूटूथ लावून बसत असशील. लोकलमध्ये गाणी ऐकायला माझे उत्तम, पण गेममध्ये ठोका जुळेना. आठवडाभर कोड तपासत बसलो होतो. वायरवाले घे.

अधांतरी: हेडफोनचा उशीर पहिल्या ठोक्याला जेवढा, तेवढाच शेवटच्याला. इथे फरक वाढत जातोय. बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, किती? ठोक्याचा काळ पूर्ण मिलिसेकंदात ठेवतोस का?

शिवडी_बीट: १८०. हो, ३३३ धरलाय.

अधांतरी: मग सापडलं. खरा आकडा ३३३.३३. ठोक्यामागे एक तृतीयांश मिलिसेकंद गळतो. तीन मिनिटांत ५४० ठोके, म्हणजे रेघ १८० मिलिसेकंद आधी, अर्ध्या ठोक्याहून जास्त. नोट कितव्या ठोक्याच्या कितव्या भागावर आहे ते साठव, वेळ दर वेळी मुळापासून काढ.

जुनी_खोड: युनिटी इंजिनवर ये. डीएसपी टाइम, म्हणजे आवाजाचं नेमकं घड्याळ, मिळतो, मी तिकडे गेल्यापासून सुखी आहे.

अधांतरी: गोदोतही जमतं. प्लेबॅक पोझिशनमध्ये (गाणं कुठवर आलं) शेवटच्या मिक्सनंतरचा वेळ मिळवायचा, आउटपुट लेटन्सी (आवाज बाहेर पडायचा उशीर) वजा करायची. इंजिन बदलून ३३३चे ३३३.३३ होत नाहीत.

परळ_ताशा: कोड कळत नाही, पण १४ वर्षं ताशा गळ्यात आहे. मिरवणुकीत पथक एका लयीत राहत नाही, चढत जातं. रेकॉर्डिंग रस्त्यावरचं असेल तर मधे मधे नवा बीपीएम टाकायची सोय हवीच. आणि ठोक्याचे नुसते चार भाग नकोत, तीन आणि सहाही दे. तिश्र, म्हणजे ठोक्यात तीन, वाजवलं तर नोट बसायची कुठे?

लॅमिंग्टनवाला: हल्लीची पथकं लय चढवतात कसली, पळतात. आमच्या वेळी गिरगावात असं चालत नसे.

परळ_ताशा: गिरगावातही चढतेच. या वर्षी उभे राहून ऐका.

कळवा_स्लो: मिलिसेकंदाचं मीही म्हणणारच होतो. वायरवाले तरी घेच.

माटुंगा_रात्रपाळी: झूमचं कोणीच बोललं नाही. माऊसखाली कोणती वेळ आहे ती आधी धरून ठेव, स्केल बदल, मग तीच वेळ पुन्हा माऊसखाली येईल इतकं स्क्रोल सरकव. माझ्याकडे चार ओळींत झालं.

शिवडी_बीट: सगळ्यांचे आभार. ठोक्याचं आणि झूमचं रविवारी करतो, खरेदी काही नाही. सुरुवात अनडूपासून. परवा भाऊ रात्री दोनपर्यंत बसला आणि एका चुकीच्या डिलीटने सगळ्या नोटा गेल्या. काही बोलला नाही, लॅपटॉप मिटून निघून गेला. सरकलेली रेघ तो कानाने सावरून घेतो, हे कसं सावरणार?

अधांतरी: उलटं करतोयस. नोट साठवायची पद्धत बदललीस की अनडू पुन्हा लिहावं लागेल.

शिवडी_बीट: लिहीन पुन्हा. शनिवारी तो येतोय.